दोन तासांची वाट

आपल्या घरी कुणी दीर्घकाळ आजारी असेल, तर “जरा स्वतःसाठीही वेळ काढत जा” हा सल्ला आपण पुष्कळदा ऐकला असेल. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु तो वेळ नेमका कुठून काढायचा आणि काढल्यावर मनाला लागणाऱ्या टोचणीचे काय करायचे, हे सहसा कुणी सांगत नाही. माझे वय ६६. माझ्या यजमानांना कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स, होऊन नऊ वर्षे झाली. स्वमदत गटांच्या भाषेत हे ‘शुभार्थी’ आणि मी ‘शुभंकर’. इतकी वर्षे मी तो सल्ला हसून सोडून देत आले. गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एका लहान गावी, सायकलच्या सीटवर बसल्यावर, मला त्याचा थोडाफार अर्थ उमगला. ती हकिगत आज आपल्याला सांगायची आहे.

आमची लेक ऑक्सफर्डशायर परगण्यात वाँटेज या गावी राहते. नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाचे हे जन्मस्थान. बाजारचौकात त्याचा पुतळा उभा आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिथे पोहोचलो आणि ऑगस्ट संपता संपता परतलो. गावाच्या दक्षिणेला हिरव्या, गोलसर टेकड्यांची लांबच लांब रांग आहे. सह्याद्रीचे कडे पाहत वाढलेल्या माणसाला त्या टेकड्या प्रथम अगदीच मवाळ वाटतात, बसून रवंथ करणाऱ्या गुरांच्या पाठींसारख्या. पण वरचा गवताचा पातळ थर खरवडला, की आत शुभ्र खडू लागतो. सारी रांगच खडूची आहे. साताऱ्याच्या शाळेत मी ३१ वर्षे खडू हातात धरला. तो कधी पायांखाली येईल असे स्वप्नातही वाटले नव्हते.

या रांगेच्या माथ्यावरून ‘रिजवे’ नावाची प्राचीन वाट जाते. ब्रिटनमधील सर्वांत जुना रस्ता असा तिचा लौकिक आहे. एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत ती सुमारे १४० किलोमीटर धावते आणि थेम्स नदीपर्यंतच्या तिच्या पश्चिमेकडील भागात सायकलींना मुभा आहे. आमची लेक आणि जावई सुट्टीच्या दिवशी याच वाटेवर ‘ग्रॅव्हल बाईक’ घेऊन जातात. ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी, वळलेल्या हँडलची. परंतु टायर रुंद, गिअर चढाला सोपे आणि ब्रेक दमदार. डांबरी रस्ता, खडी, माती, शेताची कड, सगळीकडे ती चालते. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यासाठीच जणू बनवलेली. नाव नवे असले, तरी हौस जुनी आहे. आडवाटांनी सायकल हाकणाऱ्या इंग्रज मंडळींनी १९५५ सालीच लेमिन्स्टर गावी ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाची संस्था काढली होती. आणि २०२० साली ‘सायकलिंग यूके’ या संस्थेने विंचेस्टरपासून निघून विंचेस्टरलाच परत येणारा ३५० किलोमीटरचा ‘किंग आल्फ्रेड्स वे’ हा मार्ग आखून दिला. स्टोनहेंज, एव्हबरी, रिजवे यांना जोडणारा हा मार्ग लेकीच्या गावाच्या डोक्यावरूनच जातो.

आता माझ्याविषयी. माझे माहेर पुण्याचे, आणि तेही सायकलींचे शहर म्हणून पुणे ओळखले जात असे त्या काळातले. शाळा, क्लास, महाविद्यालय, सारे सायकलवर झाले. भाड्याने तासावर सायकल घेऊन हनुमान टेकडीपर्यंत जाणे ही आमची चैन होती. लग्न होऊन साताऱ्याला आले आणि सायकल सुटली. कुणी सोडायला लावली नाही. ती आपोआप सुटली, जशा पुष्कळ गोष्टी सुटतात. त्यामुळे नातीने एके दिवशी “आजी, तुला खरंच सायकल येते?” असे विचारले, तेव्हा मी जरा रागानेच “येते म्हणजे काय!” असे म्हटले आणि अडकले.

लेकीने मला थेट टेकडीवर नेले नाही, हे तिचे शहाणपण. पहिले चार दिवस मैदानाच्या सपाट गवतावर चढणे, उतरणे आणि थांबणे एवढेच केले. दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घेतली. मग दुकानातून बॅटरीची मदत असलेली, सरळ हँडलची एक सायकल भाड्याने आणली. तिकडच्या कायद्याने अशा सायकलची मोटर २५० वॅटची असते आणि वेग ताशी २५ किलोमीटर झाला की तिची मदत थांबते. परवाना लागत नाही. पायडल आपणच मारायचे. चढावर कुणीतरी पाठीला हलकेच हात लावावा, तसे वाटते. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, हाही एक दिलासा होता.

खरी अडचण सायकलीची नव्हतीच. यांची सकाळची गोळी सातला असते. गोळीचा अंमल सुरू झाला, की आठ ते दहा हे त्यांचे सर्वांत बरे तास. लेक आठवड्यातून दोन दिवस घरून काम करते, शिवाय शनिवार-रविवार. त्या चार दिवशी ते दोन तास माझे, असे ठरले. पहिल्या दिवशी मी गावाबाहेर पडले आणि पहिल्याच वळणावर घड्याळ पाहिले. यांनी पाणी मागितले असेल का? स्नानगृहाच्या दारात पाय अडकला असेल का? नऊ वर्षांत औषधाच्या वेळेसाठी बाहेर गेले असेन, बँकेत गेले असेन. पण निव्वळ मौजेसाठी, यांना सोडून? पंचवीस मिनिटांत मी धापा टाकत परतले. हे नातीला भागाकार समजावून सांगण्यात गुंगले होते. मान वर करून म्हणाले, “काय गं, काही विसरलीस का?”

वाचकहो, त्या प्रश्नाने मला हसू आले आणि थोडे लागलेही. माझ्यावाचून क्षणभरही चालणार नाही, ही समजूत इतक्या वर्षांत माझ्याही गरजेची होऊन बसली होती.

यांचे मात्र तिथे बरे चालले होते असे नाही. आम्ही फिरायला निघालो की चार पावलांत थकवा येई. बाकी वेळ खिडकीपाशी खुर्ची. “मी इथे येऊन काय करतोय?” असे एकदोनदा म्हणाले. एका संध्याकाळी जावयाने टेबलावर त्या भागाचा नकाशा पसरला. ब्रिटनच्या ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ची ‘एक्सप्लोरर’ मालिका, केशरी पुठ्ठा, क्रमांक १७०. चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. हे खुर्चीतून पुढे झुकले. पाटबंधारे खात्यात सर्वेक्षणात यांची उमेदीची वर्षे गेली. ‘टोपोशीट’ उशाशी घेऊन झोपलेला माणूस. “या रेषा पाच-पाच मीटरच्या दिसतात,” असे म्हणून त्यांनी समोच्च रेषांवर बोट ठेवले, आणि त्यांचा हात थांबला. कंपवाताच्या घरांतील वाचकांना हे ठाऊक असेल: हात रिकामा असला की थरथरतो, काम मिळाले की पुष्कळदा कंप ओसरतो. नंतर कौतुकाने म्हणाले, “यांचं खातं १७९१चं. आपलं ‘सर्व्हे ऑफ इंडिया’ १७६७चं. आपण चोवीस वर्षांनी थोरले!”

त्या रात्रीपासून माझा मार्ग हे आखू लागले. नकाशावर हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे पायवाटा. तिथे सायकलला मनाई. लांब तुटक रेषा म्हणजे घोडेवाटा, ‘ब्रायडलवे’. तिथे १९६८च्या कायद्याने सायकलला हक्क मिळाला, मात्र पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची या अटीवर. प्रत्यक्ष जागेवर पायवाटेच्या खांबावर पिवळा बाण असतो, घोडेवाटेच्या खांबावर निळा. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा मिळून सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर भरतात. त्यांपैकी बहुतेक खासगी शेतांतून आणि कुरणांतून जातात. जमीन मालकाची, पण जाण्याचा हक्क सर्वांचा. रस्त्यावरचा तीव्र चढ नकाशात बाणांनी दाखवतात: चढ सातास एक याहून उभा असेल तर एक बाण, पाचास एक याहून उभा असेल तर दोन. “दोन बाणांच्या वाटेला तू जायचं नाहीस,” हा यांचा पहिला नियम.

असे ठरले, की रात्री जेवणानंतर मार्ग ठरवायचा, सकाळी मी जायचे आणि परतल्यावर कुठे काय दिसले ते बोट ठेवून सांगायचे. हे पेन्सिलने टिपून घेत. कंपवातात अक्षर बारीक होत जाते. यांचे तर मुंगीएवढे झाले होते. पण चार महिन्यांत तो नकाशा त्या मुंग्यांनी भरला.

मला सर्वांत आवडलेला मार्ग आपल्यालाही दाखवते. वाँटेजहून पश्चिमेला लेटकम रेजिस आणि पुढे लेटकम बॅसेट. दोन्ही गावे टेकडीच्या पायथ्याशी. गवताने शाकारलेली घरे, लाकडी चौकटीत विटा बसवलेल्या भिंती, चर्चच्या आवारात काळपट हिरवे ‘यू’ वृक्ष. खडूत मुरलेले पाणी पायथ्याला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि त्याचा नितळ ओढा होतो. लेटकम बॅसेटला पूर्वी या पाण्यात ‘वॉटरक्रेस’ नावाची पालेभाजी पिकवत. गाव सोडले की चढ. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपणाच्या उंच झाडोऱ्यांच्या भिंती; मे महिन्यात त्या पांढऱ्या फुलांनी लदलेल्या. कडेला आग्या वनस्पती. चुकून पाय लागला तर अर्धा तास आठवण राहते. आणि मग एकदम कुंपण संपते, आकाश मोकळे होते आणि आपण रिजवेवर असतो. वाट रुंद, पांढरट. मध्ये गवताची शेंडी, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या. उत्तरेला खाली सगळे खोरे पसरलेले. डोक्यावर चंडोल एकाच जागी फडफडत गात राहतो. आणि घारी! तांबूस पाठीच्या, दुभंगलेल्या शेपटीच्या. त्या इथून नाहीशाच झाल्या होत्या. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून पक्षी आणून थेम्सपलीकडच्या चिल्टर्न टेकड्यांत सोडले, तेव्हा त्या पुन्हा वाढल्या. परमुलखातून आणलेला जीवही नव्या मातीत रमतो, हे पाहून मला लेकीची आठवण होई.

वाटेवरचे शिष्टाचार लवकर अंगवळणी पडतात. गेट उघडे असेल तर उघडे ठेवायचे, बंद असेल तर आपल्यामागे बंद करायचे. जवळच लॅम्बोर्न हे शर्यतीच्या घोड्यांच्या तालमीचे गाव असल्यामुळे घोडे वारंवार भेटतात. मागून घंटी वाजवून त्यांना दचकवायचे नाही, दुरूनच “गुड मॉर्निंग” म्हणायचे, म्हणजे स्वार वळून पाहतो आणि घोड्यालाही माणसाचा आवाज कळतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण दोन शब्द बोलतो. एक आजोबा नेहमी कुत्र्यासह भेटत. त्यांच्या पत्नीला स्मृतिभ्रंश होता आणि तिला आठवड्यातून तीनदा एका केंद्रात सोडून ते टेकडीवर येत. आमचे बोलणे दोन-तीन मिनिटांचेच असे. पण घड्याळ पाहण्याची त्यांची रीत मी लगेच ओळखली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी पडले. आदल्या रात्री पाऊस झाला होता. खडू कोरडा असला तर पाटीसारखा टणक, ओला झाला की भिजल्या साबणासारखा. रिजवेवरून उतरताना पुढचे चाक चाकोरीत शिरले, मी हँडल वळवले आणि सायकलसकट आडवी झाले. खडूत चकमकीचे धारदार गोटे असतात. कोपर सोलले, मनगट मुरगळले. हेल्मेटवर एक ओरखडा उठला, तो पाहून पोटात गोळा आला. मागून येणाऱ्या एका जोडप्याने मला उठवून बसवले, पाणी दिले, लेकीला फोन लावून दिला. हाड मोडले नव्हते. पण त्या गवतावर बसले असताना जो विचार आला, तो आपल्यापैकी अनेकांनी रात्री अंधारात केला असेल: मला काही झाले, तर यांचे कसे होईल?

घरी आल्यावर मी जाहीर केले, “झालं, संपलं आता सायकलचं.” लेक गप्प राहिली. हे तर दोन दिवस नकाशाकडे फिरकलेच नाहीत. मला वाटले, माझ्यावर रागावले आहेत. तिसऱ्या रात्री म्हणाले, “उतार मी नीट वाचला नाही. पाऊस धरायला हवा होता.” ते स्वतःला दोष देत होते! मी म्हटले, “अहो, पडले मी, चूक तुमची कशी?” त्यावर ते जे बोलले, ते मी कधी विसरणार नाही. “नऊ वर्षांत कुणी माझ्यावर एखादं काम टाकलं होतं का? हे एक होतं. तेही बंद करतेस.”

नऊ वर्षे मी यांची गोळी, जेवण, स्नान, चालणे, झोप, सगळे सांभाळले. बिल भरणे, प्लंबर बोलावणे, प्रवासाची तिकिटे, ज्या कामांत यांचे डोके पूर्वीसारखेच चालत होते, तीही मी उचलून घेतली; कारण तसे केले की लवकर होत. सेवा करता करता मी यांच्या हातातले शेवटचे काम काढून घेतले होते आणि त्यालाच प्रेम म्हणत होते.

मनगट बरे व्हायला तीन आठवडे लागले. त्यानंतरचा पहिला मार्ग यांनी मुद्दाम सपाट निवडला. वाँटेजहून पूर्वेला, टेकडीच्या पायथ्यापायथ्याने लॉकिंज, आर्डिंग्टन आणि ईस्ट हेंड्रेड. एका बाजूचे अंतर सहा-सात किलोमीटर. दोन्ही बाजूंना पिवळा पडत चाललेला गहू. आर्डिंग्टन आणि लॉकिंज ही गावे एकोणिसाव्या शतकात लॉर्ड वाँटेज या जमीनदाराने नमुनेदार वसाहती म्हणून नीट आखून वसवली. अजूनही ती रांगोळीसारखी रेखीव दिसतात. मी हळूहळू गेले, एका बाकावर बसून लेकीने दिलेली दशमी खाल्ली आणि परत आले. “भीती वाटली?” यांनी विचारले. म्हटले, “वाटली.” म्हणाले, “चढाला भिऊ नकोस. ओल्या उताराला भी.” आणि त्या दिवसापासून नकाशावर आणखी एक खूण आली: ओले असेल तर जिथे उतरून चालायचे, तिथे एक छोटा गोल.

आपल्यापैकी कुणाला या वयात पुन्हा सायकल हाती घ्यावीशी वाटली, तर अनुभवाचे चार शब्द सांगते. निघण्यापूर्वी मी आमच्या डॉक्टरांकडून रक्तदाब, हृदय आणि हाडांची तपासणी करून घेतली होती. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, चक्कर येत असेल किंवा पूर्वी पडण्याचे प्रसंग झाले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये; घरातली स्थिर सायकलही उत्तम. दूरचे आणि जवळचे एकत्र असलेला चष्मा उतारावर फसवतो, पायांजवळची जमीन धूसर दिसते. मी दूरचा वेगळा चष्मा करून घेतला. उतारवयात तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. श्रम इतकेच असावेत, की शेजारच्याशी बोलता यावे. बोलता आले नाही तर वेग कमी करावा. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. सायकलने गुडघ्यांवर भार कमी येतो, पण त्याच कारणाने हाडांना चालण्याइतका लाभ होत नाही. म्हणून चालणेही सोडू नये.

कंपवाताच्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी. २०१० साली डच मेंदूतज्ज्ञ बास्टियान ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ५८ वर्षांच्या रुग्णाविषयी लिहिले होते. त्याला धड चार पावलेही टाकता येत नव्हती, पण सायकल मात्र तो सहज चालवी. हे वाचून आपल्या रुग्णाला रस्त्यावर सायकल देऊ नये. तोलाचा प्रश्न प्रत्येकाचा निराळा असतो. आम्ही तज्ज्ञांना विचारून यांना खुर्चीत बसून मारायचे पायडल आणले. मी टेकडीवर असताना हे घरात वीस मिनिटे पायडल मारत. परतल्यावर “मी लेटकमपर्यंत पोचलो होतो,” असे सांगत.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी यांनी शेवटचा मार्ग आखला. रिजवेने पश्चिमेला व्हाइटहॉर्स हिल, २६१ मीटर, परगण्यातले सर्वोच्च ठिकाण. मी जावयाबरोबर सायकलने. हे लेक आणि नातीबरोबर मोटारीने, कारण अपंग व्यक्तींसाठी माथ्याजवळ गाडी उभी करायची सोय आहे. सुमारे बारा किलोमीटर. कापणी झालेल्या शेतांतून धसकटांचा वास येत होता. मी पोहोचले तेव्हा हे गेटपाशी उभे होते आणि पाय जमिनीला चिकटले होते. दार, उंबरठा, अरुंद जागा आली की कंपवाताच्या माणसाचे असे होते, हे आपल्याला माहीत असेल. ओढून उपयोग नसतो. उन्हात गेटच्या फळीची सावली गवतावर आडवी पडली होती. मी म्हटले, “अहो, ही रेघ ओलांडा.” यांनी खाली पाहिले, पाय उचलला आणि सावली ओलांडून आत आले.

तिथल्या उतारावर सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा पांढरा घोडा आहे. लांबी सुमारे ११० मीटर. गवताखाली चर खणून त्यांत खडू ठेचून भरलेला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण सापडू नये म्हणून तो झाकून ठेवला होता. आजही दर उन्हाळ्यात स्वयंसेवक हातोड्या घेऊन गुडघ्यांवर बसतात आणि नवा खडू ठोकून बसवतात. तसे केले नाही, तर काही वर्षांत गवत त्याला गिळून टाकील. जवळून अख्खा घोडा दिसत नाही. डोके, डोळा, पाठीची एखादी वळलेली रेघ एवढेच. हे बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, “तीन हजार वर्षं रोज कुणीतरी असणार इथे.” मी म्हटले, “रोज नाही हो. उन्हाळ्यात एकदा. मधल्या काळात ते आपापल्या घरी जात असतील.” हे हसले.

आम्ही आता साताऱ्यात आहोत. इथे टेकड्या खडूच्या नाहीत, वाटांवर निळे बाण नाहीत आणि रहदारी पाहता मी सायकल पहाटे, कालव्याच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर, तेवढीच काढते. तो कालवा यांच्या परिचयाचा. कुठे काठ खचतो, कुठे पूल अरुंद आहे, हे आदल्या रात्री सांगतात. त्या वेळात शेजारच्या वहिनी येऊन बसतात; त्यासाठी मागायला मला नऊ वर्षे लागली आणि त्या पहिल्याच शब्दाला हो म्हणाल्या. विजेचे बिल आणि बँकेची कामे पुन्हा यांच्याकडे आहेत. त्यांना वेळ लागतो. लागू दे.

आपल्या घरच्या रुग्णाच्या हातातून गेल्या काही वर्षांत कोणते काम आपण काढून घेतले, ते एकदा आठवून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. त्यातले एखादे परत देता येईल. आणि त्या वेळात आपल्याला बाहेर पडता येईल.

नकाशा लेकीने आम्हालाच दिला. घड्यांवर तो आता फाटू लागला आहे. परवा भिंगातून पाहताना रिजवेच्या त्या उतारापाशी, जिथे मी पडले होते, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेले सापडले: “इथे उतरून चाल. घाई नाही. मी ठीक आहे.”